जिन्याचा सेक्शन कापायचा कोणी?

काका,
मी सातपूरच्या आयटीआयमधून ड्राफ्ट्समन सिव्हिल केलं. गेली सहा वर्षं कॅनडा कॉर्नरजवळ एका आर्किटेक्टच्या ऑफिसात आहे. पगार अठरा हजार. मंजुरीचे प्लॅन, वर्किंग ड्रॉइंग, टॉयलेट डिटेल सगळं मीच काढते, पण साइटवर मला पाठवत नाहीत, मुलं जातात. दिवाळीनंतर मखमलाबादच्या एका बंगल्यावर जिना चुकला. सरांनी फोनवर सांगितलं म्हणून मी पायऱ्या बदलल्या होत्या. आता लँडिंगखालून, म्हणजे जिन्याच्या वळणावरच्या सपाट भागाखालून, मागच्या अंगणात जाताच येत नाही. सरांनी क्लाएंटसमोर सगळं माझ्यावर ढकललं. दोन्ही ड्रॉइंगचे फोटो सोबत जोडते. वडील एचएएलमधून फिटर म्हणून निवृत्त झाले, ते म्हणतात सरकारी परीक्षा दे. आई म्हणते लग्न कर. मैत्रीण म्हणते ऑटोकॅड संपलं, रेव्हिटचा क्लास लाव. ऑफिसातला नवा मुलगा म्हणतो एआयपुढे रेव्हिटही टिकणार नाही. काम मला आवडतं, पण पुढचं काही दिसत नाही.
— एक आरेखक, ओझर

तू काका म्हणालीस, तेव्हा अहो-जाहो करत बसत नाही.

ड्रॉइंगचे फोटो पाठवलेस ते बरं केलंस. नुसतं पत्र वाचलं असतं तर मी तुझ्या सरांनाच चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो. आधी तो जिनाच नीट बघू.

मजल्याची उंची ३२०० मिलिमीटर, पुढचे आकडेही मिलिमीटरच. पायऱ्या वीस, प्रत्येक १६० ची. पहिल्या ड्रॉइंगमध्ये खालच्या फ्लाइटला, म्हणजे जिन्याच्या खालच्या टप्प्याला, बारा, वरच्या फ्लाइटला आठ. म्हणजे लँडिंग जोत्यापासून १९२० वर. लँडिंगखालचा बोळ जोत्याच्या पातळीला नाही, मागच्या अंगणाच्या पातळीला आहे, ४५० खाली. १९२० आणि ४५० मिळून २३७०. त्यातून लँडिंगचा स्लॅब १५० गेला, राहिले २२२०. जिन्याखालून ये-जा करायची तर २२०० मोकळी उंची लागते. म्हणजे बारा-आठची वाटणी ज्याने कोणी केली त्याने ती उगाच केली नव्हती. खालचं प्लास्टर धरलं तर काठावरच, पण हिशेब करून केली होती. मग क्लाएंटच्या आईला एका दमात बारा पायऱ्या जड वाटल्या, सरांचा फोन आला, ‘दहा-दहा करून टाक’, आणि तू करून टाकल्यास. लँडिंग आलं १६०० वर. १६०० अधिक ४५०, वजा १५०. राहिले १९००. दार आहे २१०० चं.

गंमत अशी की प्लॅनमध्ये दहा-दहाचा जिना जास्त देखणा दिसतो. दोन्ही फ्लाइट सारख्या, लँडिंग बरोबर टोकाला. त्यामुळे शंका कोणालाच आली नाही, ना तुला, ना सरांना, ना सेंट्रिंगवाल्याला. उंचीची भानगड प्लॅनमध्ये दिसतच नाही, ती सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत उभी कापून काढलेल्या चित्रात, दिसते. आणि तुझ्या दुसऱ्या शीटवर सेक्शन जुनाच राहिलाय, बारा-आठचा. एकाच कागदावर डावीकडे एक जिना आणि उजवीकडे दुसरा. मिस्त्रीने प्लॅन बघून पायऱ्या बांधल्या, दुसरं काय करणार तो?

सरांनी चारचौघांत तुझ्यावर ढकलायला नको होतं. नकाशावर सही त्यांची आहे. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला १९७२ च्या कायद्याने नोंदणी लागते, ती आयुष्यभर मिरवायची आणि चूक निघाली की ड्राफ्ट्समनकडे बोट दाखवायचं, हे शोभत नाही. क्लाएंटला त्यांनी ‘आमच्याकडून राहिलं’ एवढंच म्हणायला हवं होतं. तुला काय बोलायचं ते केबिनमध्ये, दार लावून.

पण सेक्शन दुरुस्त करायचा राहिला तो तुझ्याकडूनच, तिथे मी तुझी बाजू घेणार नाही. सरांनी फोनवर आकडा बदलला. त्या आकड्याने आणखी काय काय हललं, हे बघायला टेबलावर तूच होतीस. फोनवर बोलणाऱ्या माणसासमोर सेक्शन नसतो. तुझ्यासमोर होता.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळा त्याचा विस्तार. सहा वर्षं तू रेषा उत्तम ओढतेस, तुझी शीट बघूनच कळतं. लाइनवेट नीट, डायमेन्शन एकमेकांवर चढलेली नाहीत, टायटल ब्लॉक स्वच्छ. पण ओढलेली रेषा साइटवर गेल्यावर काय होते, हे तुला कोणी दाखवलेलं नाही आणि तूही हट्टाने बघितलेलं नाहीस. अठरा हजार रेषा ओढण्याचे मिळतात. पुढचे पैसे दुसऱ्या गोष्टीचे आहेत.

आता लगेच करायचं ते सांगतो. यापुढे फोनवर बदल आला की फोन ठेवल्या ठेवल्या सरांना मेसेज टाकायचा. ‘फोनवर ठरल्याप्रमाणे जिना १०+१० करते’ एवढाच नाही, तसा मेसेज टाकला तर तो फक्त तुझ्या बचावाचा कागद होतो आणि सरांनाही तो वास येतो. मेसेज असा हवा: ‘सर, जिना १०+१० केला तर लँडिंग १९२० वरून १६०० वर येतं, खाली १९०० च उरतात, मागचं दार बसणार नाही. दार बाजूच्या भिंतीत घेऊ की पायऱ्या आहेत तशा ठेवू?’ हा मेसेज लिहायचा तर आधी सेक्शन कापून बघावाच लागतो. असे पाच-सहा मेसेज गेले की सर फोनवर हुकूम सोडण्याआधी तुला विचारायला लागतील. माझ्या बघण्यात हे बऱ्याच ऑफिसांत झालेलं आहे.

दुसरं, रिव्हिजन. तुझ्या शीटवर तारीख आहे पण रिव्हिजनचा रकाना रिकामा. बदल केला त्या जागेभोवती ढगासारखी रेषा काढ, त्रिकोणात नंबर टाक, रकान्यात काय बदललं ते एका ओळीत लिही, आणि साइटवरची जुनी प्रिंट परत मागव. नसेल येत तर तिच्यावर ‘रद्द’ लिहून फोटो पाठवायला सांग. याचं महत्त्व तुला मी काय सांगू, वडिलांनाच विचार. विमानाच्या कारखान्यात फिटरच्या हातात जुन्या रिव्हिजनचं ड्रॉइंग सापडलं तर काय व्हायचं, ते तुला जेवता जेवता सांगतील.

आणि एक सवय मोडायची. तुझ्या पॅसेजच्या ड्रॉइंगवर एक डायमेन्शन १२०० दाखवतंय, पण शेजारचे आकडे मिळवले तर तिथे ११५० च उरतात. म्हणजे कोणीतरी रेषा न हलवता वरचा आकडा हाताने टाइप केलाय. घाईत सगळेच करतात आणि तिथेच मरतात. पुढचा माणूस त्या फाइलवरून कॉलमची सेंटरलाइन घेतो, त्याला रेषा खरी वाटते. मिस्त्रीला आकडा खरा वाटतो.

त्या बंगल्याचं आता काय? बोळ आणखी ३०० खाली नेऊ, असं कोणीतरी सुचवेलच. नका नेऊ. अंगणापेक्षा खाली गेलेल्या बोळात पावसाळाभर पाणी साचेल. दार बाजूच्या भिंतीत सरकवता आलं तर उत्तम. फ्लाइट तोडायचीच वेळ आली तर आरसीसी कन्सल्टंटने लिहून दिल्याशिवाय ब्रेकर लावू नका.

आता साइटचं. तुझ्या पत्रातला मला सगळ्यात खटकलेला मुद्दा हा आहे, पगार नव्हे. ‘मुलं जातात’ हे तू इतक्या सहज लिहिलंयस, जणू पावसाळ्यात पाऊस पडतो तसं. मुलींना साइटवर न पाठवायची जी कारणं ऑफिसं देतात त्यात एक खरं आहे: बांधकाम चालू असलेल्या बंगल्यावर बहुधा संडास नसतो. त्यावर उपाय म्हणजे सकाळी जायचं आणि दोन तासांत परत यायचं. बाकीची कारणं आळसाची आहेत. सरांकडे ‘मलाही साइटवर पाठवा’ असं मागू नकोस, त्याला ‘बघू’ हेच उत्तर मिळतं. दिवस मागून घे. ‘गुरुवारी पाथर्डीच्या कामाचं लाइनआउट आहे, ड्रॉइंग माझं आहे, मी टेप धरायला जाते.’ याला नाही म्हणणं अवघड असतं.

रोज जायची गरजही नाही. लाइनआउटला, म्हणजे जागेवर चुन्याने आखणी होते तेव्हा, जा; चुना पडल्यावर कळतं की तुझ्या सेंटरलाइनच्या प्रिंटवर कर्ण लिहिलेला नव्हता आणि गडी काटकोन बघायला गुण्या लावत बसले. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी जा, सळ्या उघड्या दिसतात तो शेवटचा दिवस. जिन्याचं सेंट्रिंग लागेल त्या दिवशी तर जाच. आणि टॉयलेटला टाइल लागल्यावर तुझं स्वतःचं टॉयलेट डिटेल हातात घेऊन जा आणि मोज.

हे शेवटचं जरा सविस्तर सांगतो. ड्रॉइंगमध्ये तू १२०० रुंदीचं बाथरूम काढतेस, विटेपासून विटेपर्यंत. त्यावर दोन्ही बाजूंनी प्लास्टर चढतं, त्यावर मसाला, त्यावर टाइल. एका भिंतीवर ३५-४० एमएम सहज जातात. हातात उरतात ११२०, फार तर ११३०. तू मात्र कमोडची मधली रेषा, नळ, ग्लास पार्टिशन सगळं १२०० मध्ये बसवलेलं असतं. प्लंबर येतो, त्याला बसत नाही, तो आपल्या मनाने सरकवतो, आणि मग दार उघडताना कमोडला घासतं. दोष प्लंबरचा निघतो. एकदा टेप लावून ते ११२० स्वतः वाचलंस की पुढच्या डिटेलमध्ये तू आपोआप ‘फिनिश टू फिनिश’ लिहायला लागशील. हे कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत.

मिस्त्री पहिल्या दिवशी परीक्षा घेईल. ‘मॅडम, हे कसं करायचं सांगा’ म्हणून काहीतरी आडवं विचारेल. माहीत असेल तर सांग, नसेल तर ‘ड्रॉइंग बघून संध्याकाळी कळवते’ म्हण आणि संध्याकाळी खरंच कळव. आणि त्यालाही विचार, की माझ्या ड्रॉइंगमध्ये तुला काय सापडत नाही? बहुतेक वेळा तो सिलची उंची, छज्ज्याची पातळी नाहीतर दार कोणत्या बाजूला उघडतं एवढंच म्हणतो. तेवढं पुढच्या शीटवर टाकलंस की सरांचे निम्मे फोन बंद होतील.

पैशांकडे येतो. सहा वर्षांच्या अनुभवाला अठरा हजार कमीच आहेत. पण ‘सहा वर्षं झाली’ हे वाढ मागायचं कारण होत नाही. नाशिकमध्ये ड्राफ्ट्समनला जास्त पैसे कुठे मिळतात ते बघ. मला तीन जागा दिसतात.

एक, मंजुरीचं काम. ते तू करतेसच, पण मला वाटतं सांगितल्यावर करतेस. डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली, त्याआधीच्या पद्धतीने विचार करणारे लोक अजूनही टेबलाटेबलावर आहेत. आता क्षेत्रफळ पी-लाइनवर, म्हणजे मजल्याच्या बाहेरच्या कडेच्या रेषेवर, मोजलं जातं, बाल्कनी आत धरून. निवासी कामाला अॅन्सिलरी, म्हणजे जादा, एफएसआय ६० टक्क्यांपर्यंत, व्यापारीला ८०. पॉलिलाइन, म्हणजे क्षेत्रफळाभोवतीची अखंड रेषा, बंद नसेल किंवा चुकीच्या लेयरवर असेल तर ऑनलाइन तपासणीत फाइल परत येते आणि आठवडे जातात. ज्या मुलीची फाइल पहिल्या फटक्यात पार होते तिला ऑफिस सोडत नाही. ती नियमावली सरांच्या कपाटात असू दे, तुझ्या मोबाइलमध्येही हवी, आणि पानं वाचलेली हवीत. आपल्या गावाला आणखी एक भानगड आहे, पूररेषा. गोदावरी, नासर्डी, वालदेवीच्या काठचा प्लॉट आला की निळी रेषा, म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा, म्हणजे शंभर वर्षांतल्या पुराची, या दोन्ही ब्लॉक प्लॅनवर आधी टाकायच्या आणि मग घर. मी लोकांना उलटं करताना बघितलंय. घर काढून झालं, क्लाएंट खूश झाला, आणि मग कोणीतरी रेषा टाकली.

दोन, आरसीसी डिटेलिंग, म्हणजे काँक्रीटमधल्या सळ्यांची ड्रॉइंग. हे रूक्ष आहे, म्हणूनच मुलं पळतात. कॉलमच्या रिंगचा हूक १३५ अंशांत का वळवायचा, लॅप, म्हणजे सळ्यांचा जोड, कुठे द्यायचा आणि कुठे नाही, वरची जाळी उचलून धरणाऱ्या चेअर किती, सळ्या कापण्या-वाकवण्याचं बार बेंडिंग शेड्यूल कसं लावायचं, हे ज्याला येतं तो स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात कधी रिकामा बसत नाही. सुरुवात सोपी आहे. व्यासाचा वर्ग भागिले १६२, की सळईचं मीटरला वजन निघतं, १२ एमएमचं ०.८९ किलो. एसपी ३४ हे बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, १९८७ चं पुस्तक घे, चित्रंच चित्रं आहेत, तुला आवडेल. आणि भूकंपाचा विचार करून सळ्या कशा लावायच्या ते सांगणारा १३९२० नंबरचा कोड. अंबड, सिन्नरच्या शेडची कामंही याच ऑफिसांत येतात.

तीन, जुन्या इमारतींची मोजमापं. यात पैसा थोडा आणि धूळ फार, पण जुन्या नाशकात आणि पंचवटीत वाड्यांचं मोजणीचं काम नीट करणारी माणसं थोडी आहेत. वाड्याची खोली कधी काटकोनात नसते. चार भिंती मोजून आणल्यास तर ती खोली कागदावर बसतच नाही, कारण चार बाजू तशाच ठेवून चौकोन कसाही तिरपा होतो. कर्ण मोजावा लागतो, आणि खात्रीला दुसराही. लाकडी खांब, तुळया, दोन-दोन फुटांच्या भिंती, खोलीखोलीला बदलणारी जमिनीची पातळी. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने जुन्या गावाकडे सगळ्यांचंच लक्ष गेलंय. हे पोट भरायचं साधन म्हणून सांगत नाही. पण हे काम एकदा केलं की नजर बदलते.

माझं मत विचारशील तर पहिलं तू पक्कं कर आणि दुसरं शिकायला घे. तुझं शीट बघून वाटतं की डिटेलिंगला लागते ती चिकाटी तुझ्यात आहे. तिसरं हौसेला ठेव.

वाढ मागायला जाशील तेव्हा तक्रारींची यादी नेऊ नकोस. वर्षभरात किती कामांची मंजुरी तुझ्या फाइलवर झाली, किती फाइल परत न येता पार पडल्या, कोणत्या साइटच्या वर्किंग ड्रॉइंगचा अख्खा सेट तू काढलास, हे एका कागदावर मांडून ने. त्या दिवशी जिन्याचा विषय काढू नकोस, सरांनी काढला तर ‘आता प्रत्येक बदलाला सेक्शन तपासूनच देते’ म्हण आणि पुढे जा.

रेव्हिट शिकावं का? शिकावं, पण मैत्रिणीने सांगितलेल्या कारणासाठी नव्हे. नाशिकच्या बंगल्या-अपार्टमेंटच्या कामात ऑटोकॅड इतक्यात कुठे जात नाही. पण पुण्या-मुंबईचं काम, किंवा बाहेरच्या देशांचं काम घेणारी ऑफिसं रेव्हिटसारख्या थ्रीडी मॉडेलवरच चालतात, आणि तिथे जायचं दार उघडं राहायला हवं. शिवाय रेव्हिटमध्ये सेक्शन मॉडेलमधूनच निघतो, प्लॅनमधली पायरी बदलली की सेक्शनही बदलतो. तुझा घोळ तिथे झाला नसता असं मात्र समजू नकोस. सेक्शन बदलला असता, पण तो उघडून बघितला असता का? आणि दार बसत नाही हे सरांना कोण कळवणार होतं? क्लास लावायच्या आधी ऑफिसातल्या बंगल्यासारखा एक प्लॅन स्वतः काढून डेमोला घेऊन जा आणि तो शिकवणाऱ्याकडून मॉडेल करून घे. रेंडर केलेली हॉलची चित्रं दाखवून जो फी सांगतो तिथून उठून ये.

एआयचं त्या मुलाला म्हणावं, तू काळजी करू नकोस, आधी लेयरची नावं नीट लिही. खरं सांगायचं तर नुसती नक्कल उतरवायचं काम जाणारच आहे, आणि ते काही आज पहिल्यांदा होत नाही. मी दिंडोरी रोडच्या सरकारी संकल्पचित्र कार्यालयात लागलो तेव्हा ट्रेसिंगवर शाईच्या पेनाने नक्कल उतरवणाऱ्यांची अख्खी खोली होती. रेघ चुकली की ब्लेडने खरवडायची, कागद फाटू न देता, ही एक कलाच होती. ती खोली गेली. पण पदाचं नाव बघ कसं चिवट असतं, जलसंपदा विभागाच्या २०२३ च्या भरतीतही आरेखक आणि सहाय्यक आरेखकाबरोबर ‘अनुरेखक’, म्हणजे नक्कल उतरवणारा, हे पद होतंच. त्या खोलीतले जे फक्त हाताने सुबक होते ते मागे राहिले, आणि उतरवता उतरवता ‘साहेब, ही पातळी वरच्या शीटशी जुळत नाही’ म्हणणारे पुढे आरेखक झाले. यंत्र उद्या तुझ्यापेक्षा भराभर प्लॅन काढेल. वाड्यात जाऊन कर्ण मोजायला आणि सेंट्रिंगखाली वाकून टेप लावायला माणूसच लागेल, आणि तो साइटवर जाणारा माणूस असेल.

वडिलांचा सल्ला वाईट नाही. आरेखकांच्या सरकारी जागा निघतात, पण कधी निघतील याचा भरवसा नसतो, आणि परीक्षेत विषयाबरोबर मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन असतं. राज्याच्या सेवेत खुल्या वर्गालाही वयोमर्यादा ३८ आहे, त्यामुळे आजच नोकरी सोडून अभ्यासिकेत जाऊन बसायची घाई नको. सकाळी तासभर अभ्यास कर, जाहिरात आली की फॉर्म भर, बाकी दिवस कामाचा. डिप्लोमाचंही बघून ठेव. दोन वर्षांच्या आयटीआयवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे दोन वर्षांत डिप्लोमा इंजिनिअर, आणि कनिष्ठ अभियंत्याचं दार उघडतं. नाशिकरोडला सामनगाव रस्त्यावर सरकारी पॉलिटेक्निक आहे. फक्त दोन वर्षं पगार बंद, ते घराला झेपेल का हे तू आणि वडील बसून ठरवा.

लग्नाचं तू एका ओळीत उरकलंस, मीही तसंच करतो. कर किंवा नको करूस, पण ‘पुढचं दिसत नाही’ म्हणून करू नकोस.

राहिलं एक, आणि ते कोणी तुला सांगितलेलं दिसत नाही. मंजुरीच्या त्या २०२० च्या नियमावलीच्या परिशिष्टात तांत्रिक व्यक्तींच्या परवान्यांची पात्रता दिली आहे. आयटीआयचा स्थापत्य आरेखक अभ्यासक्रम आणि आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरच्या हाताखाली पाच वर्षांचा अनुभव असेल तर पर्यवेक्षकाच्या दुसऱ्या वर्गाचा परवाना मागता येतो. छोट्या कामांपुरताच, पण त्यावर सही तुझी. तू सहा वर्षांपूर्वीच सुरुवात केलीस, म्हणजे पात्र आहेस. अडतं ते एका कागदावर, अनुभवाच्या पत्रावर. ते ऑफिसच्या लेटरहेडवर हवं. त्यात रुजू झाल्याची तारीख, पद ‘ड्राफ्ट्समन (सिव्हिल)’, कामाचं स्वरूप आणि खाली सरांची सही व त्यांचा काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक. लिहून तूच ने, त्यांना फक्त वाचून सही करायची राहू दे. तुझी ड्रॉइंग दाखवायला बाहेर न्यायची असतील तर त्याचीही परवानगी तेव्हाच घे, कारण नोकरीत काढलेल्या ड्रॉइंगचा हक्क कायद्याने मालकाकडे असतो. क्लाएंटचं नाव आणि पत्ता झाकायचा, हे तर उघडच आहे. फक्त पगारवाढीच्या दिवशी हे पत्र मागू नकोस, सरांना वाटेल चालली सोडून. एखादी मोठी मंजुरी हातात पडून ऑफिसात पेढे वाटले जातील त्या दिवशी माग.